पुतळ्यांची माळ आणि तीन टक्के

२०२४च्या उन्हाळ्यात उजनी धरण 'मायनस'मध्ये गेलं होतं. आमच्या भागात हा शब्द आता शेंबड्या पोराच्याही तोंडी असतो. पळसदेवचं जुनं देऊळ पाण्याबाहेर उघडं पडलं होतं आणि पुण्या-सोलापूरहून लोक गाड्या करून ते बघायला येत होते. त्याच दिवसांत आम्ही दादीची पुतळ्यांची माळ मोडायला तालुक्याच्या पेठेत निघालो होतो. माझ्या भावाच्या मुलीचा निकाह ठरला होता. तिला जुन्या घडणीची माळ नको होती, आणि तिचं चुकलं असं मला वाटत नाही. कॉलेजात शिकणारी मुलगी पुतळ्यांची माळ घालून कुठं जाणार?

दुकानदारानं माळ काट्यावर ठेवली आणि म्हणाला, "तीन तोळे चार ग्रॅम." भाभी खूश झाली. दादी तर आयुष्यभर 'तीन तोळे'च म्हणायची, मग सोनं पेटीत पडून वाढलं की काय! वाढलं नव्हतं. दादीचा तोळा बारा माशांचा, म्हणजे आजच्या मापात ११.६६ ग्रॅमचा. दुकानातला तोळा दहा ग्रॅमचा. दादीचे तीन तोळे म्हणजे ३५ ग्रॅम व्हायला हवे होते; काट्यावर ३४ ग्रॅम २०० मिली आले. पन्नास वर्षांच्या घासण्यानं पाऊण ग्रॅम गेलं होतं.

मग हिशेब झाला. सोपे, जवळचे आकडे घेते. जुन्या माळेचे दोन लाख. भाचीनं पसंत केलेल्या नव्या हाराची किंमत मजुरी धरून तीन लाख. वर द्यायचे एक लाख. इथवर अम्मीला सगळं पटलं होतं. पुढची ओळ होती जीएसटीची: नऊ हजार. अम्मी शाळेत फार गेलेली नाही, पण तोंडी हिशेबाला पक्की आहे. शेकडा तीन, तर लाखाचे तीन हजार होतात. नऊ हजार कुठून आले?

"चाची, कर नव्या डागाच्या पूर्ण किमतीवर लागतो, वरच्या रकमेवर नाही," दुकानदार म्हणाला.

"अपनाच सोना, और टॅक्स कायका गे?" अम्मी माझ्याकडं वळून म्हणाली. आपलंच सोनं देतोय, तर कर कशाचा?

मी उर्दू आणि मराठी शिकवते. बी.एड.ला असताना अर्थशास्त्राशी माझा संबंध एका पेपरापुरताच आला होता. मी काहीतरी पुटपुटले, पण अम्मीचा प्रश्न डोक्यातून गेला नाही. पुढचे काही महिने मी त्याच्या मागं लागले. हा प्रश्न अडाणी नाही. या देशातल्या विक्रीकराचा कायदा कितीतरी वर्षं याच प्रश्नाभोवती फिरत होता. आणि त्याच्याही खूप आधी, कराचा संबंध नसताना, आमच्या फिकहच्या किताबांत सोन्याच्या बदल्यात सोनं घेण्याच्या व्यवहाराला एक अख्खं प्रकरण दिलेलं आहे.

पण आधी माळेविषयी.

आमचं जुनं गाव भीमेच्या काठावर होतं. केत्तूर, पोमलवाडी, जिंतीच्या त्या टापूत आज जिथं नजर जाईल तिथं पाणी किंवा ऊस दिसतो. धरणाचं काम १९६९मध्ये सुरू झालं आणि १९८०च्या जूनमध्ये ते पुरं झालं. रस्ते बुडाले, मळ्या बुडाल्या, रेल्वेची जुनी वाटसुद्धा बदलावी लागली. डिकसळचा इंग्रजांच्या काळातला पूल रेल्वेसाठी बांधलेला होता, पुढं त्याच्यावरून मोटारी जायला लागल्या. गाव उठणार हे नक्की झालं तेव्हा दादीनं एक काम केलं. तिच्याजवळ बारीकसारीक डाग होते. एक झिजलेली एकदाणी, बाळ्यांचे दोन जोड, मोडकी बुगडी, कुणाच्या तरी बारशाला आलेल्या दोन अंगठ्या. बिऱ्हाड हलताना बारकी वस्तू हरवते. तिनं सगळं गावातल्या सोनाराकडं नेलं आणि सांगितलं, याचा एकच डाग कर.

अम्मी तेव्हा नवी सून होती आणि दादीसोबत गेली होती. तिला आठवतं ते असं: सोनारानं सगळं तोलून सांगितलं, कसोटीवर घासून कस पाहिला, मग मूस शेगडीत ठेवली. दादी समोर बसून राहिली. सोनं आटून त्याची लगड होईपर्यंत ती पाणी प्यायलाही उठली नाही. पुढचे चार-पाच दिवस पुतळ्या ठोकल्या जात होत्या तेव्हा सकाळ-संध्याकाळ तिची एक चक्कर असायचीच. माळ गाठवून हातात आल्यावर तिनं मजुरी दिली, थोडी रोख आणि थोडी ज्वारी. कर नाही, पावती नाही.

दादीचा सोनारावर विश्वास नव्हता असं नाही. रीतच तशी होती. तुटीचं गणित दोघांनाही माहीत असायचं. कानशीनं घासताना कण उडतात, डाक लावताना हलका धातू मिसळतो, मुशीला थोडं चिकटून राहतं. सोनाराच्या दुकानातली राख आणि केरही फुकट जायचा नाही. तो विकत घेऊन, पाण्यात धुऊन त्यातले सोन्या-चांदीचे कण काढणारे झारेकरी आपल्याच समाजातले. आज त्यांच्या मुलांना हा शब्दही माहीत नसतो, फक्त जातीच्या दाखल्यावर तेवढा उरलाय.

आता कायद्याकडं येते. विक्रीवरचा कर हे प्रकरण तसं नवं. १९३८मध्ये मध्यप्रांत-वऱ्हाडात मोटारीच्या इंधनावर असा कर बसला, १९३९मध्ये मद्रासनं तो सरसकट मालावर आणला, आणि आपल्या मुंबई प्रांतात तो १९४६मध्ये आला. पुढं १९५९चा मुंबई विक्रीकर कायदा झाला आणि तो व्हॅट येईपर्यंत, म्हणजे २००५पर्यंत, महाराष्ट्रात चालला. या कराच्या नावातच त्याची मर्यादा आहे. कर लागायला आधी 'विक्री' झाली पाहिजे. मग विक्री म्हणजे काय?

१९३०चा माल-विक्री कायदा सांगतो की विक्रीला किंमत हवी आणि किंमत म्हणजे पैसा. वस्तूच्या बदल्यात नुसती वस्तू दिली तर तो अदलाबदल, विक्री नव्हे. १९५८मध्ये सुप्रीम कोर्टात गॅनन डंकर्ली या बांधकाम कंपनीचा खटला गाजला. मद्रास सरकारला बांधकामात वापरलेल्या मालावर विक्रीकर हवा होता. कोर्टानं सांगितलं की घटनेत राज्यांना 'विक्री'वर कर लावण्याचा अधिकार दिलाय, आणि विक्रीचा अर्थ १९३०च्या कायद्यातलाच घ्यावा लागेल. राज्यांनी तो आपल्या सोयीनं ताणायचा नाही. १९८२मध्ये घटनेत ४६वी दुरुस्ती करून बांधकामाचे ठेके, हॉटेलातलं जेवण, हप्त्यावरची खरेदी असे प्रकार त्या व्याख्येत ओढले गेले. त्या यादीतही साधी अदलाबदल नव्हती.

म्हणजे जुना डाग देऊन नवा घेतला तर विक्रीकर लागायचा नाही? इथंच मेख आहे. इंग्लंडात १८५७मध्ये एक खटला झाला होता, ऑल्ड्रिज विरुद्ध जॉन्सन. एकानं ३२ बैल दिले, दुसऱ्यानं १०० क्वार्टर बार्ली द्यायची कबूल केली. पण बैलांची किंमत धरली १९२ पौंड, बार्लीची २१५ पौंड, आणि मधले २३ पौंड रोख. बैलबाजारात वाढलेल्या आमच्या लोकांना हा सौदा ताबडतोब कळेल: खोंड घ्या, बैल द्या, वर इतके. कोर्टाच्या मते ही अदलाबदल नव्हती. दोन्हीकडं पैशात मोल लावलं म्हणजे या विक्र्याच झाल्या. सराफाच्या दुकानात नेमकं हेच होतं. जुन्याला भाव लावला, नव्याला भाव लावला, फरक रोख घेतला. त्यामुळं सराफाची नव्या दागिन्याची विक्री पूर्ण किमतीची. जुनं सोनं म्हणजे त्या किमतीतला एक हप्ता, जो नोटांऐवजी धातूत दिला.

आणि दादीचा व्यवहार? तिच्या सोन्याला रुपयांत भाव लागलाच नव्हता. सोनं तिचं होतं, तिचंच राहिलं, फक्त त्याचा आकार बदलला. सोनारानं काही विकलं नाही, त्यानं काम केलं. त्यामुळं विक्रीकराचा तिथं संबंधच नव्हता. एकाच धातूचे, एकाच कुटुंबातले हे दोन व्यवहार. एकावर कर शून्य आणि दुसऱ्यावर पूर्ण. फरक एवढाच की कुणीतरी मध्येच सोन्याचे रुपये करून मोजले.

दादीच्या माळेच्या वेळी खरी भीती विक्रीकराची नव्हतीच. ती सुवर्ण नियंत्रणाची होती. चीनशी युद्ध झाल्यावर परकीय चलन वाचवायला आणि सोन्याची चोरटी आयात थांबवायला जानेवारी १९६३मध्ये मोरारजी देसाईंनी सुवर्ण नियंत्रणाचे नियम आणले. १४ कॅरटच्या वरचे नवे दागिने घडवायला बंदी झाली. १४ कॅरटचं सोनं कडक आणि फिकट. आपल्या हातघडणीला ते मानवत नव्हतं आणि गिऱ्हाइकालाही नको होतं. देशभर सोनारांच्या शेगड्या विझल्या, कित्येकांनी जीव दिला. गावोगावच्या सोनारांची मुलं मग शिपाई, कंडक्टर, मास्तर झाली. माझ्या शाळेतल्या एका जुन्या सरांच्या घराण्याची कथा हीच, आणि ते ती हसत सांगायचे. ओरड वाढली तशी त्याच वर्षाच्या अखेरीस सवलत मिळाली: गिऱ्हाइकानं आपले जुने दागिने आणले तर त्याच कसाचे नवे घडवून देता येतील. १९६६मध्ये १४ कॅरटची अट गेली, पण १९६८मध्ये सुवर्ण नियंत्रणाचा स्वतंत्र कायदाच आला. सोनाराला दाखला, सराफाला परवाना, दोघांनाही वह्या. साध्या माणसाला घरात दागिना ठेवता येई, सोन्याची लगड किंवा बिस्कीट ठेवता येत नसे.

म्हणजे दादीची एकदाणी कायदेशीर, पुतळ्यांची माळ कायदेशीर. पण मधल्या तासाभरात मुशीतून निघालेली लगड पदराला बांधून ती घरी आली असती तर गुन्हा! ती समोर बसून राहिली तो तिचा स्वभाव, पण कायद्यालाही तेच सोयीचं होतं. हा कायदा १९९०मध्ये रद्द झाला. तो काढणारे अर्थमंत्री राजापूरचे खासदार प्रा. मधू दंडवते. जे एका गुजराती मंत्र्यानं आणलं ते एका कोकणी मंत्र्यानं काढलं, असं म्हणायचा मोह होतो, पण मध्ये २७ वर्षं गेली आणि तोवर खेड्यातली हातघडण बरीचशी मोडून पडली होती. तेव्हा कुणी काय केलं याच्या फुशारकीत फारसा अर्थ नाही.

आता जरा मागं जाते, चौदा शतकं मागं. सोन्याच्या बदल्यात सोनं, चांदीच्या बदल्यात चांदी घ्यायची असेल तर वजनाला वजन बरोबर हवं आणि देणं-घेणं तिथल्या तिथं, हातोहात हवं, असा प्रेषित मुहंमद (स.) यांचा दंडक हदीसच्या संग्रहांत आहे. फिकहमध्ये या सौद्याला 'सर्फ' म्हणतात. वीस ग्रॅम जुनं देऊन अठरा ग्रॅम नवं घेतलं, 'दोन ग्रॅम घडणावळीचे' म्हणून, तर बहुतेक सगळ्या इमामांच्या मते ते वाढीव दोन ग्रॅम व्याजाच्या जातीतले ठरतात. इब्न कय्यिमसारख्या मोठ्या आलिमांनी दागिन्यातल्या कारागिरीचं मोल मानलं आहे, म्हणजे मतभेद आहे, पण आपल्याकडच्या हनफी वहिवाटीत पहिलंच मत चालतं.

यातून वाट काय? ती हजरत बिलाल (रजि.) यांच्या खजुरांच्या प्रसंगात आहे. त्यांनी हलक्या खजुराची दोन मापं देऊन उंची खजुराचं एक माप आणलं. प्रेषितांनी ते नापसंत केलं आणि रीत सांगितली: हलका खजूर आधी पैशानं विकायचा, मग त्या पैशातून चांगला घ्यायचा. दुसरा प्रसंग खैबरचा. लुटीत मिळालेला, सोनं आणि मणी एकत्र ओवलेला हार एका सहाबींनी बारा दीनारांना घेतला. मणी वेगळे केल्यावर सोनंच बारा दीनारांहून जास्त निघालं. हुकूम झाला की सोनं वेगळं केल्याशिवाय अशी वस्तू विकायची नाही.

मी लहानपणी हे सगळं 'बहिश्ती ज़ेवर'मध्ये वाचलं होतं. मौलाना अशरफ अली थानवींचा हा ग्रंथ आपल्याकडं मुलीला रुखसतीत द्यायची पद्धत होती. त्यात सोन्या-चांदीच्या वस्तूंच्या देवघेवीवर मजकूर आहे. तेव्हा तो मला कंटाळवाणा वाटला होता. नमाज-रोजाच्या किताबात हे सराफी हिशेब कशाला, असं वाटायचं. सराफाच्या दुकानात अम्मीजवळ बसल्यावर त्याचं कारण कळलं. दोन सौदे एकात मिसळले की कुठलं नुकसान कुठल्या सौद्यात झालं हे दिसत नाही. खैबरच्या हारात मण्यांमुळं सोनं दिसत नव्हतं. आमच्या बिलात एका ओळीमुळं बरंच काही दिसत नव्हतं.

जीएसटी १ जुलै २०१७ला आला. त्याआधी ३ जूनला परिषदेनं सोन्याचा दर ३ टक्के ठरवला होता, अर्धा केंद्राचा आणि अर्धा राज्याचा. महाराष्ट्रात व्हॅट सुरू झाला तेव्हा सोन्यावर १ टक्का होता. पण दरापेक्षा मोठा बदल व्याख्येत झाला. जीएसटी 'विक्री'वर नाही, 'पुरवठ्या'वर आहे, आणि कायद्यानं पुरवठ्यात विक्रीच्या बरोबरीनं अदलाबदलही स्पष्ट शब्दांत घातली. बैल आणि बार्लीचा, गॅनन डंकर्लीचा सगळा जुना वाद एका कलमात निकाली निघाला. किंमत कशी धरायची याचं उदाहरण नियमांतच दिलंय, तेही सोन्याचं नाही, मोबाइलचं: जुना फोन देऊन नवा २०,००० रुपयांना मिळत असेल आणि जुना न देता २४,०००ला, तर कर २४,०००वर. अम्मीचे नऊ हजार इथून आले होते. दुकानदार खरं बोलत होता.

त्या जुलैत एक दिवसाचा गोंधळही झाला होता. १२ जुलैला महसूल सचिव हसमुख अढिया यांनी दूरदर्शनवरच्या वर्गात सांगितलं की सामान्य माणसाकडून जुने दागिने घेताना सराफाला त्या खरेदीवर उलट बाजूनं ३ टक्के भरावे लागतील. बातमी पसरली आणि पेठांमध्ये जुन्या सोन्याचे सौदे थबकले, कारण सराफ तो कर मोडीच्या भावातूनच कापणार हे कुणालाही कळत होतं. दुसऱ्या दिवशी सरकारनं खुलासा केला: घरातल्या बाईनं आपला डाग विकणं हा तिचा धंदा नव्हे, म्हणून त्या विक्रीवर कर नाही. तो खुलासा मला फार महत्त्वाचा वाटतो. जुनं सोनं देणारीवर कर नाही, हे त्यात लिखित झालं. तरीही आजसुद्धा कुणी 'जुन्यावरचा टॅक्स' म्हणून काही कापत असेल, तर त्याला हे विचारायचा हक्क आपल्याला आहे.

त्याच खुलाशांत दादीची जुनी रीतही होती. आपलंच सोनं देऊन नवा डाग घडवून घेतला तर ते मजुरीचं काम, आणि कर फक्त मजुरीवर, ५ टक्के. आमच्या हिशेबात मजुरी पन्नास हजार धरली तर कर अडीच हजार झाला असता, नऊ नव्हे. लागेल तेवढं जादा सोनं दुकानातून घ्यावं लागलं असतं आणि तेवढ्यावर तीन टक्के. तरीही फरक मोठा होता. मग आम्ही तसं का केलं नाही? कारण समोर बसून घडवणारा सोनार उरला नाही. काचेच्या दुकानातला माल मुंबई-कोलकात्याच्या कारागिरांकडून तयार होऊन येतो. आमची मोडलेली माळ गलाईवाल्याच्या भट्टीत जाते. हे गलाई बांधव बहुतेक आपल्याच शेजारचे, विटा-खानापूर-आटपाडीचे, पार केरळ-तामिळनाडूपर्यंत पसरलेले. सोनं चोख होऊन बाजारात मिसळतं. ते कुणाच्या दादीचं होतं ही ओळख तिथंच संपते. ओळख संपते म्हणूनच कायद्याच्या नजरेत नवा हार ही परक्या मालाची खरेदी ठरते, हे मान्य करायला जड जातं, पण तर्काला धरून आहे.

जकातीचं इथं सांगायला हवं. मराठीत 'जकात' म्हटलं की लोकांना जकात नाका आठवतो, कारण दख्खनच्या राज्यकारभारात हा शब्द मालावरच्या करासाठी रुळला. आमच्यासाठी ती इबादत आहे. पण दोन्हींतला फरक या माळेवर फार स्वच्छ दिसतो. जकात बाळगलेल्या संपत्तीवर, वर्षातून एकदा, अडीच टक्के. आणि तिला निसाब आहे. सोन्याचा निसाब साडेसात तोळे, जुन्या तोळ्याचे, म्हणजे ८७.४८ ग्रॅम. जवळ चांदी किंवा रोकड असेल तर हिशेब बदलतो, पण फक्त तीन तोळ्यांची माळ असलेल्या बाईवर जकात नाही. जीएसटीत घेणाऱ्यासाठी असा निसाब नाही. कंदरच्या केळीचे ट्रक परदेशी पाठवणारा बागायतदार पन्नास तोळे घेवो, की धरणग्रस्ताची नात तीन तोळ्यांचा डाग बदलो, शेकडा तीनच. वस्तूवरच्या कराचं हे मूळचंच दुखणं आहे. आणि सोन्याच्या बाबतीत ते जास्त टोचतं, कारण आमच्यासारख्या घरांत बदलताना सोनं नव्यानं विकत घेतलं जातच नाही, तेच सोनं पुन्हा पुन्हा कराच्या खिडकीसमोरून जातं.

एवढं बोलून झाल्यावर एक कबुली देते. मी दुकानात कराच्या त्या ओळीवर जेवढा राग धरला तेवढा तिच्या वरच्या ओळींवर धरला नव्हता, आणि ते चूक होतं. माळेचा रेशीम-गोंडा, मण्यांतली लाख आणि मळ म्हणून दोन ग्रॅम २०० मिली वजा झाले होते. उरलेल्या ३२ ग्रॅमचा कस मशीननं नव्वद दाखवला. मोडीचा भाव त्या दिवशीच्या विक्रीच्या भावापेक्षा कमी होता. आणि मजुरी पन्नास हजार, जी पुढं भाचीच्या मुलीच्या लग्नात हा हार मोडताना शून्य धरली जाईल. कर नऊ हजार. म्हणजे सरकारनं घेतलं ते पावतीवर छापून घेतलं. सर्वांत मोठा घास घडणावळीचा होता, आणि तो आम्ही नमुना बघता बघता हौसेनं दिला होता.

त्या दिवशी सौदा झाला नाही. घरी मी अम्मीला बिलालच्या खजुरांची गोष्ट सांगितली, म्हणजे आठवण करून दिली. तिला ती माझ्याआधीपासून माहीत होती. ती म्हणाली, मग तसंच करू. आठवड्यानं आम्ही परत गेलो आणि सांगितलं की आधी माळ घ्या, तिची वेगळी पावती द्या, पैसे खात्यावर टाका. नवं काय घ्यायचं ते नंतर बघू. दुकानदाराला हे पटलं नाही. "चाची, एवढी भानगड कशाला? कर तेवढाच बसणार." त्याचं बरोबर होतं, कर तेवढाच बसणार होता. पण माळ समोर उसवून, गोंडा काढून, पुतळ्या वेगळ्या आणि मणी वेगळे तोलले तेव्हा वजावट २ ग्रॅम २०० मिलीची १ ग्रॅम ७०० मिली झाली. अर्धा ग्रॅम परत आलं. पैसे दोन दिवसांनी खात्यावर आले, तोवर भाव थोडा चढला होता, त्यात काही गेलंही. हा मार्ग फायद्याचाच आहे असं मी सांगणार नाही.

नवा हार घेतला नाही. भाचीनं स्वतः विचार बदलला आणि साध्या पाटल्या घेतल्या, ज्यांच्यावर मजुरी कमी होती. कर लागला, पूर्ण किमतीवर, शेकडा तीन. अम्मीनं तो मोजून दिला आणि काही बोलली नाही.

आता तिच्या पेटीत दोन कागद आहेत, एक माळेच्या खरेदीची पावती आणि एक पाटल्यांचं बिल. जमीन संपादनाची जुनी नोटीस ज्या पिशवीत आहे त्याच पिशवीत तिनं ते ठेवले. ठेवण्याआधी मला म्हणाली, पावतीच्या मागं उर्दूत लिही की हे दादीचं सोनं होतं, तीन तोळे. मी विचारलं, "अम्मी, तोळा कौनसा लिखूं? पुराना के दुकानवाला?"

"दादी का," ती म्हणाली.